ग्रोव्हच्या नळीपासून मोटारीपर्यंत

पाण्याच्या विद्युत अपघटनाचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात केलेला असतो, निदान फळ्यावर काढलेला तरी असतोच. पाण्यात थोडं आम्ल किंवा धुण्याचा सोडा, दोन विद्युतअग्रं आणि एक बॅटरी. एका अग्रावर हायड्रोजन जमतो, दुसऱ्यावर ऑक्सिजन. आकारमानांचं गुणोत्तर दोनास एक. मुलं बुडबुडे पाहतात, आपण समीकरण लिहितो आणि तास संपतो.

तास संपण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करून पाहावी. बॅटरी काढून टाकायची आणि त्याच दोन तारा मल्टिमीटरला जोडायच्या. मीटर शून्य दाखवत नाही. सुरुवातीला एक व्होल्टच्या पुढे विभवांतर दिसतं आणि मग ते हळूहळू उतरत जातं. बॅटरी तर आपण काढून घेतली, मग हे आलं कुठून?

शिक्षकांच्या एका शिबिरात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, "बॅटरीतली थोडी वीज पाण्यात राहिली असेल." उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ऊर्जा मागे राहिली आहे हे खरंच. ती राहिली आहे अग्रांना चिकटलेल्या वायूंच्या रूपात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन पुन्हा एकत्र येऊन पाणी होऊ पाहतात आणि तसं होताना बाहेरच्या तारेतून उलट दिशेने वीज देतात. विद्युत अपघटनाचा प्रयोग उलटा चालवला की इंधन-घट तयार होतो.

हायड्रोजनवर चालणारी, मागच्या नळीतून केवळ पाणी सोडणारी मोटार वर्तमानपत्रात 'उद्याचं तंत्रज्ञान' म्हणून येते. तिच्यामागचं तत्त्व मात्र १८३९ सालचं आहे. टोयोटा कंपनीची मिराई ही इंधन-घटावरची मोटार जपानमध्ये विक्रीला आली ती डिसेंबर २०१४ मध्ये. मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली. तत्त्व माहीत असताना एवढा काळ का लागावा? या प्रश्नाचं उत्तर शोधताना या विषयातलं पुष्कळसं विज्ञान आपोआप समजतं.

वकिलाचा वायू-घट

१८०० साली व्होल्टाने आपल्या विद्युत-राशीची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी तशी राशी वापरून पाण्याचं अपघटन करून दाखवलं. त्यानंतरची चाळीस वर्षं एका वादाने गाजली. घटातली वीज दोन धातूंच्या नुसत्या स्पर्शाने निर्माण होते की रासायनिक क्रियेने?

विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह (१८११–१८९६) हा वेल्समधल्या स्वान्सी गावचा. शिक्षण कायद्याचं, ओढ विज्ञानाची. १८३९ च्या आरंभी त्याने एका वैज्ञानिक नियतकालिकात एक टिपण दिलं. प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या सौम्य सल्फ्यूरिक आम्लात अर्धवट बुडवायच्या. एकीभोवती हायड्रोजनची नळी उपडी घालायची, दुसरीभोवती ऑक्सिजनची. दोन्ही पट्ट्या तारेने जोडल्या की तारेतून विद्युतधारा वाहते. बासेल येथील प्राध्यापक ख्रिस्तियान फ्रीडरिश शोनबाइन यालाही त्याच सुमारास असाच परिणाम आढळला होता. दोघांमध्ये पुढे मैत्री झाली आणि त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षं चालला.

१८४२ साली ग्रोव्हने असे ५० घट एकापुढे एक जोडले आणि त्याला 'वायूंची बॅटरी' म्हटलं. हात धरून उभ्या राहिलेल्या पाच माणसांना तिचा झटका जाणवत असे. मग त्याने या बॅटरीच्या विजेने पुन्हा पाण्याचंच अपघटन केलं. म्हणजे एका बाजूला वायूंचं पाणी होतंय आणि त्याच विजेवर दुसरीकडे पाण्याचे वायू होताहेत! रासायनिक बदल आणि वीज यांचं नातं याहून सुबकपणे दाखवणं अवघड. ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते या विचारावर ग्रोव्हने पुढे १८४६ मध्ये एक पुस्तकही लिहिलं.

या प्रयोगातला एक आकडा मुलांपुढे जरूर ठेवावा. पाण्याचं व्यवस्थित अपघटन होण्यासाठी ग्रोव्हला कमीत कमी २६ घट लागले. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या एका घटाचं सैद्धांतिक विभवांतर १.२३ व्होल्ट आहे. कागदावर हिशेब केला तर दोन-तीन घट पुरायला हवेत. मग २६ का? कारण विद्युतधारा काढू लागताच प्रत्येक घटाचं विभवांतर कोसळत होतं. पुढची पावणेदोनशे वर्षं संशोधकांनी जे केलं, ते मुख्यतः हे कोसळणं थांबवण्यासाठी.

समईची वात

असं का होत होतं हे कळण्यासाठी घटात काय घडतं ते पाहू. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू फुटतो. त्याचे इलेक्ट्रॉन धातूतून बाहेरच्या तारेत जातात आणि उरलेले धनप्रभारित हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन, आम्लातून पलीकडे जातात. पलीकडच्या पट्टीवर ऑक्सिजन, तारेतून आलेले इलेक्ट्रॉन आणि आम्लातून आलेले प्रोटॉन एकत्र येऊन पाणी तयार होतं. इलेक्ट्रॉनला आम्लातून जाता येत नाही, त्याला तारेचा लांबचा रस्ता घ्यावा लागतो. त्या रस्त्यात आपण दिवा किंवा मोटर जोडायची, एवढंच.

म्हणजे ही क्रिया घडायची तर एकाच जागी तिघांची गाठ पडली पाहिजे : वायू, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा धातू आणि प्रोटॉन वाहून नेणारं आम्ल. ग्रोव्हच्या पट्टीचा खाली बुडालेला भाग जवळजवळ निकामी, कारण हायड्रोजन पाण्यात फारच थोडा विरघळतो. वरचा कोरडा भागही निकामी, कारण तिथे आम्ल नाही. काम करते ती पाण्याच्या पातळीपाशी असलेली एक बारीक रेघ.

समईची वात आठवा. तेलात बुडालेला भाग जळत नाही. तेल पोचलं नाही तर नुसता कापूस क्षणात जळून विझतो. ज्योत असते ती काठावर, जिथे वात, तेल आणि हवा एकत्र येतात. ग्रोव्हचा घट म्हणजे अगदी बारीक वातीची समई.

ग्रोव्हला हे उमगलं होतं. म्हणून त्याने पट्ट्यांवर प्लॅटिनमचा खरखरीत काळा थर चढवला. त्यावर आम्ल केशाकर्षणाने वर चढतं आणि काम करणारा पृष्ठभाग वाढतो. क्रियेसाठी मोठा पृष्ठभाग मिळवणं हीच मुख्य अडचण असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. निदान बरोबर होतं, पण औषध त्याच्या काळात नव्हतं. शिवाय गरजही नव्हती. जस्त, प्लॅटिनम आणि नायट्रिक आम्लाचा त्याचा दुसरा घट भरपूर वीज देई, आणि अमेरिकेतल्या सुरुवातीच्या तारायंत्रांसाठी तोच वापरला गेला. ग्रोव्ह पुन्हा वकिलीकडे वळला आणि १८७१ मध्ये न्यायाधीश झाला. तोवर डायनॅमो आला होता. वायू-घट कपाटात गेला.

कोळशाचं स्वप्न

पन्नास वर्षांनी तो कपाटातून बाहेर काढला रसायन-उद्योजक लुडविग माँड आणि त्याचा सहकारी कार्ल लँगर यांनी. १८८९ साली त्यांनी आम्ल भांड्यात न ठेवता सच्छिद्र पटलात जिरवलं. पटलाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं पाडलेला प्लॅटिनमचा पत्रा आणि त्यावर काळ्या प्लॅटिनमचा थर. एका बाजूने एक वायू, दुसऱ्या बाजूने दुसरा. आता रेघेऐवजी संपूर्ण पृष्ठभाग कामाला लागला. ०.७३ व्होल्टला दर चौरस फुटामागे सुमारे ६ अँपिअर धारा त्यांना मिळाली. आजच्या इंधन-घटाची मांडणी ढोबळमानाने हीच आहे.

माँडला हायड्रोजन हवा होता कोळशापासून. त्या काळी कोळशाची वीज करायची म्हणजे आधी तो जाळायचा, वाफ करायची, इंजिन चालवायचं आणि इंजिनाने डायनॅमो फिरवायचा. १८९४ मध्ये विल्हेल्म ऑस्टवाल्ड याने आपल्या एका भाषणात या पद्धतीवर कडक टीका केली. वाफेच्या इंजिनात कोळशातल्या ऊर्जेचा जेमतेम दहावा भाग कामी येतो. त्यापेक्षा कोळशापासून थेट विद्युतरासायनिक मार्गाने वीज मिळवावी, असं त्याचं म्हणणं होतं. विचार पक्का होता. उष्णतेच्या इंजिनाला कार्नोची मर्यादा असते, इंधन-घटाला ती लागू नाही. हायड्रोजनच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी तत्त्वतः ८३ टक्के ऊर्जा विजेच्या रूपात मिळू शकते.

पण कोळशाने दाद दिली नाही. कोळशापासून केलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि हायड्रोजनला जागाच ठेवत नाही. १८९६ मध्ये जॅक्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने कोळशाच्या कांड्या थेट वितळलेल्या कॉस्टिक सोड्यात बुडवून हवा सोडली. वीज मिळाली, पण सोड्याचं कार्बोनेट होत गेलं. दरम्यान वाफेची टर्बाइनं आली, विजेचं उत्पादन स्वस्त झालं आणि इंधन-घट पुन्हा मागे पडला.

बेकनची चिकाटी

नंतरचं नाव फ्रान्सिस टॉमस बेकन (१९०४–१९९२) याचं. हा इंग्लंडमधला यांत्रिक अभियंता होता, रसायनशास्त्रज्ञ नव्हे. १९३२ मध्ये त्याच्या डोक्यात इंधन-घटाने घर केलं ते आयुष्यभरासाठी. टर्बाइनच्या कारखान्यातली नोकरी त्याने १९४० मध्ये सोडली आणि पूर्ण वेळ याच कामाला वाहून घेतलं.

त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे प्लॅटिनमला रजा दिली. आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घेतलं, कारण अल्कलीत निकेल टिकतं. निकेल हे प्लॅटिनमइतकं चपळ उत्प्रेरक नाही. ती उणीव भरून काढायला घट सुमारे २०० अंश सेल्सिअसला, उच्च दाबाखाली चालवला. ऑक्सिजनच्या बाजूचं निकेल गंजू नये म्हणून त्याच्या ऑक्साइडात लिथियम घातलं.

मुख्य युक्ती होती विद्युतअग्राच्या रचनेत. बेकनने सच्छिद्र निकेलचे दोन थर एकमेकांना जोडले. वायूकडच्या थराची छिद्रं मोठी, द्रावणाकडच्या थराची बारीक. वायूचा दाब थोडा जास्त ठेवला की तो मोठ्या छिद्रांतून द्रावणाला बाहेर ढकलतो. बारीक छिद्रांत मात्र केशाकर्षण जास्त असल्याने द्रावण तिथून हलत नाही. परिणामी वायू, द्रावण आणि धातू यांच्या भेटीची जागा दोन थरांच्या सीमेवर पक्की होते, आणि तीही लाखो छिद्रांमध्ये. समईला एकदम लाखो वाती मिळाल्या!

१९५९ मध्ये बेकनने केंब्रिजला सुमारे ५ किलोवॅटचा संच दाखवला. त्यावर वेल्डिंगचं यंत्र चाललं, गोल करवत चालली, माल उचलणारी गाडी चालली. त्याच वर्षी अमेरिकेत ॲलिस-चामर्स या कंपनीने १००८ घट बसवलेला १५ किलोवॅटचा ट्रॅक्टर शेतात फिरवला. ग्रोव्हच्या टिपणाला १२० वर्षं झाली होती.

आधी अवकाशात

इंधन-घटाला खरा गिऱ्हाईक मिळाला तो अवकाशात. दोन माणसांना आठवडाभर पृथ्वीभोवती फिरवायचं तर बॅटऱ्यांचं वजन परवडत नाही. द्रवरूप हायड्रोजन-ऑक्सिजन नेले तर कमी वजनात जास्त वीज मिळते आणि जे पाणी तयार होतं तेही वाया जात नाही.

ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी-५ यानात इंधन-घट वापरले गेले. ते बेकनच्या पद्धतीचे नव्हते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ग्रब याने १९५५ मध्ये द्रवाऐवजी घन प्लॅस्टिकचं पटल वापरलं होतं. या पटलातून प्रोटॉन जातात, वायू सहसा जात नाहीत. पुढे निड्राक याने या पटलावरच प्लॅटिनम बसवण्याची रीत काढली. अपोलो यानांसाठी मात्र बेकनच्या घटाची सुधारित आवृत्ती निवडली गेली. चंद्रावर गेलेल्या प्रत्येक अपोलो यानात असे तीन संच होते आणि अंतराळवीर त्यांतूनच निघालेलं पाणी पीत. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा श्वासाआधी प्रश्न आला विजेचा. ऑक्सिजन नाही म्हणून घट बंद, आणि घट बंद म्हणून वीज आणि पाणी दोन्ही बंद.

मग रस्त्यावर

जे यानाला जमलं ते मोटारीला का जमू नये? १९६६ मध्ये जनरल मोटर्सने अल्कलीच्या घटांवर चालणारी एक व्हॅन बनवली. द्रवरूप हायड्रोजन, द्रवरूप ऑक्सिजन, नळ्या आणि घट यांनीच ती भरून गेली. वजन तीन टनांहून अधिक, आणि बसायला जागा दोघांना. सुरक्षिततेसाठी ती कंपनीच्या आवाराबाहेर काढली गेली नाही. १९७० च्या सुमारास कार्ल कॉर्डेश याने आपल्या छोट्या ऑस्टिन मोटारीच्या टपावर हायड्रोजनची सिलिंडरं ठेवली, आत इंधन-घट आणि शिशाच्या बॅटऱ्या बसवल्या आणि ती अनेक वर्षं सार्वजनिक रस्त्यांवर चालवली. पण अल्कलीला हवेतला कार्बन डायऑक्साइड मानवत नाही, त्यापासून कार्बोनेट होतं. यानात शुद्ध ऑक्सिजन असतो, मोटारीला मात्र रस्त्यावरची हवा घ्यावी लागते.

म्हणून मोटारवाले पटलाच्या घटाकडे वळले. पहिलं प्लॅस्टिकचं पटल लवकर खराब होई. ड्यू पाँट कंपनीने टेफ्लॉनच्या कुळातलं नाफियॉन नावाचं पटल तयार केल्यावर तो प्रश्न बराचसा सुटला. राहिला प्लॅटिनमचा खर्च. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ मिलिग्रॅम प्लॅटिनम लागत होतं आणि त्यातलं बहुतेक निकामी राहत होतं, कारण पटलाला न टेकलेल्या कणांपर्यंत प्रोटॉन पोचतच नसे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत एक साधी वाटणारी गोष्ट केली गेली. कार्बनच्या भुकटीवर प्लॅटिनमचे सूक्ष्म कण बसवून त्यात पटलाचाच पदार्थ विरघळवून मुरवला. आता प्रत्येक कणाला वायू, कार्बन आणि प्रोटॉनची वाट हे तिन्ही एकाच वेळी मिळू लागलं. प्लॅटिनमची गरज दहा पटींनी घटली. ग्रोव्हच्या पट्टीवरची ती पातळीची रेघ आता केसाहूनही पातळ अशा थरात सर्वत्र पसरली होती.

त्यानंतर पावलं भराभर पडली. १९९३ मध्ये कॅनडाच्या बॅलार्ड कंपनीने बस चालवून दाखवली, १९९४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझने व्हॅन. २०१४ च्या मिराईत ३७० घटांची चवड होती आणि तिची शक्ती होती ११४ किलोवॅट. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कारैकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आणि पुण्याचीच केपीआयटी कंपनी यांनी मिळून २०२० मध्ये इंधन-घटाच्या मोटारीची चाचणी घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात अशी बसही दाखवण्यात आली.

हिशेब मांडू या

मग प्रश्न सुटला का? इथे फळ्यावर थोडा हिशेब करावा. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. पेट्रोलमध्ये किलोमागे ती साधारण १२ युनिट. पण नेहमीच्या दाबाला हा एक किलो वायू सुमारे १२ हजार लिटर जागा व्यापतो. म्हणून मिराईत तो हवेच्या दाबाच्या ७०० पट दाबाखाली भरतात. पाच किलो वायूसाठी टाक्यांचं वजन ऐंशी किलोंच्या वर जातं.

दुसरं, हायड्रोजन खाणीतून काढलेल्या कोळशासारखा आयता मिळत नाही, तो तयार करावा लागतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, दाबून भरायला आणखी काही. मोटारीतला घट त्यातल्या ३३ युनिटांपैकी निम्म्याच्या आसपास वीज परत देतो, म्हणजे १७-१८ युनिट. तीच वीज सरळ बॅटरीत भरली असती तर सुमारे तीन चतुर्थांश चाकांपर्यंत पोचली असती. आणि जगात तयार होणारा बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळशापासून मिळवला जातो. मोटारीच्या नळीतून पाणीच बाहेर पडतं हे खरं, पण कारखान्याच्या धुराड्यातून काय बाहेर पडतं तेही विचारायला हवं.

म्हणूनच छोट्या मोटारींमध्ये बॅटरी पुढे गेली आहे. जिथे बॅटरीचं वजन जड जातं आणि काही मिनिटांत इंधन भरून पुढे निघायचं असतं, अशा लांब पल्ल्याच्या ट्रक-बसमध्ये इंधन-घटाला जागा आहे असं अनेकांना वाटतं. भारताने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या हरित हायड्रोजन मोहिमेचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन अक्षय ऊर्जेपासून तयार करण्याचं आहे. तो कुठे वापरायचा हे ठरवताना वरचा हिशेब टाळता येणार नाही.

'इंधन-घटाचा शोध ग्रोव्हने लावला' हे एका गुणाच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. पण ते तेवढंच शिकवलं तर मुलांची अशी समजूत होते की तत्त्व सापडलं की काम झालं, उरलं ते कारागिराचं. २६ घटांचं काम दोन-तीन घटांत होण्यासाठी माँडचं पटल, बेकनची छिद्रं आणि लॉस ॲलामॉसची भुकटी लागली. ते सगळं विज्ञानच होतं.

वर्गात हे करून पाहणं कठीण नाही. जुन्या टॉर्च-सेलमधल्या दोन कार्बनच्या कांड्या, धुण्याच्या सोड्याचं द्रावण आणि ९ व्होल्टची बॅटरी घ्या. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. ज्योत जवळ आणू नका. दोन मिनिटं अपघटन करा, बॅटरी काढा, मीटर जोडा आणि आकडा किती वेळात निम्म्यावर येतो ते मुलांना मोजू द्या. मग कांड्या पॉलिश-कागदाने खरखरीत करून पुन्हा मोजा. कांड्या कमी-जास्त बुडवून मोजा. तो आकडा आणखी थोडा वेळ टिकवायचा कसा, हे मुलांनाच विचारा. ग्रोव्हही याच प्रश्नाशी अडला होता.